चमचा की चिखल?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अलिबागजवळच्या एका खाडीत ओहोटीला काढलेला फोटो. चिमणीएवढा पक्षी, काळे पाय, काळी चोच आणि चोचीच्या टोकाला स्पष्ट दिसणारा गोळा. पाठवणाऱ्याने विचारलंय: "हा स्पून-बिल्ड सँडपायपर, म्हणजे तो चमच्यासारख्या चोचीचा पक्षी आहे का? असेल तर महाराष्ट्रातली पहिली नोंद होईल ना? आणि नसेल तर तो पक्षी राहतो कुठे, त्याची चोच अशी का आणि तो इतका दुर्मीळ का झाला?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो, म्हणजे जीव टांगणीला राहायला नको. नाही. हा लिटल स्टिंट आहे, आपला छोटा टिलवा. चोचीच्या टोकाला आहे तो चिखल. तुम्ही त्याच पक्ष्याचे लागोपाठ काढलेले चार फोटो पाठवलेत ते बरं केलंत, कारण चौथ्या फोटोत पक्ष्याने चोच पाण्यात बुडवून काढलीय आणि ती सुईसारखी स्वच्छ दिसतेय. पहिला एकच फोटो आला असता तर मलाही दोनदा बघावं लागलं असतं.

यात लाजण्यासारखं काही नाही. गेली 26 वर्षं मी ठाणे खाडी, उरण आणि खाली रायगड-रत्नागिरीपर्यंतच्या किनाऱ्यावर हिवाळी पक्षी मोजतोय. सुरुवातीच्या वर्षांत भांडुपच्या मिठागरांवर मलाही असाच 'चमचा' दिसला होता. मी दोन मित्रांना फोन केले. एकजण ऑफिस टाकून रिक्षाने आला. तो पोचेपर्यंत पक्ष्याने चोच धुतली होती. ती रिक्षा मला अजून ऐकवली जाते.

गंमत म्हणजे खऱ्या पक्ष्याच्या बाबतीत नेमकं उलटं होतं. बाजूने पाहिलं तर चमचा जवळजवळ दिसतच नाही. चोच टोकाशी चपटी आणि आडवी पसरलेली असते. कालथा कडेने बघा, रेघच दिसेल. तसंच हे. पक्षी तुमच्याकडे तोंड करून उभा राहिला किंवा त्याने मान वळवली की मग सुमारे एक सेंटिमीटर रुंदीचं ते टोक एकदम समोर येतं. त्यामुळे बाजूने काढलेल्या फोटोत टोकाला गोल गोळा दिसला तर पहिली शंका चिखलाचीच घ्यायची. ही माझी साधी कसोटी आहे आणि तिने मला पुढे बऱ्याच रिक्षांपासून वाचवलंय.

मराठीत या पक्ष्याला रुळलेलं नाव नाही. जगभरचे पक्षीवेडे त्याला लाडाने 'स्पूनी' म्हणतात, मीही इथे तेच वापरतो. शास्त्रीय नाव कॅलिड्रिस पिग्मिया. स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसने 1758 मध्ये त्याचं वर्णन केलं तेव्हा चोच पाहून त्याला थेट चमच्या बगळ्यांच्या, म्हणजे स्पूनबिलच्या, प्लॅटालिया या वंशात टाकलं. वर त्याचा मुलूख म्हणून नोंदवलं दक्षिण अमेरिकेतलं सुरिनाम. दोन्ही चूक. स्पूनबिल गुडघ्याच्या वर येईल एवढा उंच आणि स्पूनी जेमतेम 15 सेंटिमीटर. दोघांचं नातं चोचीच्या आकारापलीकडे काही नाही. तो टिलव्यांच्या आणि डनलिनच्या घरातलाच. वजन सुमारे 30 ग्रॅम. दहा रुपयांची चार नाणी तळहातावर ठेवा, साधारण तेवढं.

आता तो कुठे राहतो ते. उन्हाळ्यात वीण रशियाच्या अगदी पूर्व टोकाला, चुकोटका आणि कामचात्काच्या उत्तर भागात. तीही आत टुंड्रात कुठेही नाही, समुद्रापासून थोडक्याच किलोमीटरच्या पट्ट्यात. खाजणं, वाळूचे दांडे आणि त्यांच्यावर वाढणारी क्रोबेरीची बुटकी झुडपं, हा त्याचा संसार. नकाशावर बघितलं तर किनाऱ्याची ती बारीक पट्टीच. इतकी मर्यादित वीणभूमी असणारा पक्षी मुळात कधीच उदंड नव्हता, हे लक्षात ठेवायला हवं.

जूनच्या आसपास नर आपल्या जुन्या जागेवर परततो, बऱ्याचदा गेल्या वर्षीच्याच दांड्यावर. हवेत फडफडत, मध्येच थबकत तो रातकिड्यासारखी किरकिर करतो. तेच त्याचं गाणं. जमिनीत उथळ खळगा, त्यात शेवाळ आणि खुरट्या विलोची वाळलेली पानं, आणि चार अंडी. उबवण्याची पाळी दोघांची: साधारणपणे दिवसा नर, रात्री मादी. तिकडे त्या दिवसांत रात्र नावालाच असते, हा भाग वेगळा. तीन आठवड्यांनी पिल्लं बाहेर पडली की मादी लवकरच दक्षिणेची वाट धरते आणि पुढचं सगळं नर बघतो. बघतो म्हणजे राखण करतो आणि थंडी वाढली की पिल्लांना पंखाखाली घेतो. भरवण्याचा प्रश्नच नाही, पिल्लं पहिल्या दिवसापासून स्वतः खातात. आणि अंड्यातून बाहेर येतानाच त्यांच्या चोचीला चमचा असतो. कापसाच्या बोंडाएवढा जीव आणि पुढे चपटं टोक.

त्या चमच्याचं काम काय, हा तुमचा सर्वांत चांगला प्रश्न. लोक गृहीत धरतात की स्पूनबिल जशी उघडी चोच पाण्यातून डावी-उजवी फिरवतो तसंच हाही करत असणार. थोडंफार करतोही. पण टुंड्रावर तो डास, माश्या, भुंगे, कोळी टिपतो, कधी बियाही खातो, आणि त्या कामाला चमच्याची काही गरज दिसत नाही. चमचा कामाला येतो तो चिखलात.

हे मी स्वतः पाहिलं थायलंडमध्ये. बँकॉकच्या नैर्ऋत्येला पाक थाले नावाचं गाव आहे, तिथल्या मिठागरांवर दर हिवाळ्यात दोन-तीन स्पूनी येतात. आपल्याकडचे बरेच पक्षीनिरीक्षक हल्ली खास त्याच्यासाठी तिथे जातात. मिठागरं पाहून मला मुलुंड-भांडुपच आठवलं: तेच बांध, तेच आगर, तोच डोळ्यांत जाणारा उजेड. साडेतीन तास टेलिस्कोपला डोळा लावून मी टिलवे मोजत होतो. रेड-नेक्ड स्टिंट आणि कर्ल्यू सँडपायपर मिळून सातशे-आठशे असतील. शेवटी जो सापडला तो चोचीवरून सापडला नाही, चालण्यावरून सापडला. बाकीचे टिलवे शिवणाच्या मशीनसारखे टकटक चोच मारत, दर दोन पावलांनी मान वर करत होते. हा एकटा मान खाली घालून, चोच जवळजवळ उभी पाण्यात ठेवून, पुढे ढकलत चालला होता. जणू अंगणात कुणीतरी झाडू धरून वाकून निघालंय. मध्येच थांबायचा, चोच त्याच जागी भराभर खालीवर करायचा, चिखल पातळ झाला की त्यातून काहीतरी उचलायचा. डोकं अंगाच्या मानाने मोठं, कपाळ इतरांपेक्षा पांढरं. वीस मिनिटांनी त्याने माझ्याकडे तोंड केलं तेव्हा कुठे चमचा दिसला. मी तोपर्यंत मनाशी नोंद करून मोकळा झालो होतो.

म्हणजे चमचा हे चिखल ढवळायचं फावडं आहे आणि टोकाला जाणीवही बारीक आहे. पण ते फावडं चालतं ठराविक चिखलातच. ओहोटीनंतर उथळ पाणी साचून राहतं, वर मऊ लोण्यासारखा थर असतो, त्यात छोटे किडे, कोळंबीची पिल्लं, बारीक कवचधारी जीव असतात, असा चिखल. घट्ट, वाळूमिश्रित जागेवर त्याला फारसं काही मिळत नाही. टिलवा कसाही पोट भरतो: खाडी, तळ्याचा काठ, भातशेताचं डबकं, सांडपाण्याचा ओहोळ. स्पूनीला ती मोकळीक नाही.

आणि हा मऊ चिखल त्याला वर्षातून एकाच ठिकाणी लागत नाही. वाट बघा: चुकोटकातून निघून कोरिया, चीनचा किनारा, मग व्हिएतनाम, थायलंड, म्यानमार, बांगलादेश. एका फेरीला साधारण 8,000 किलोमीटर. वाटेत सर्वांत मोठा मुक्काम चीन आणि कोरियाच्या मधल्या पीत समुद्रावर. चीनच्या जिआंगसू प्रांतातल्या रुदोंग आणि तिआओझिनीच्या चिखलपट्ट्यांवर ते ऑगस्टपासून पुढे काही आठवडे थांबतात, कारण तिथे पंखांची पिसं बदलायची असतात. पिसं बदलताना पक्षी धड लांब उडू शकत नाही आणि खाणं तर जास्त लागतं. म्हणजे जगातले बहुतेक स्पूनी वर्षातला सर्वांत नाजूक काळ दोन-चार पट्ट्यांवर काढतात.

पीत समुद्राच्या भोवतालच्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यांपैकी जवळपास दोन तृतीयांश क्षेत्र गेल्या अर्धशतकात भराव आणि बांधांखाली गेलं. दक्षिण कोरियात सेमानगम इथे 33 किलोमीटरहून लांब समुद्रभिंत 2006 मध्ये पुरी झाली आणि सुमारे 400 चौरस किलोमीटरचा पट्टा समुद्रापासून तुटला. स्पूनी तिथेही उतरायचे. जिथे भराव पडला नाही तिथे स्पार्टिना नावाचं परदेशी गवत वाढलं, चिखल धरून ठेवायला लावलेलं. ते इतकं माजतं की पक्ष्याला पाय ठेवायला जागा राहत नाही.

पण केवळ जागा गेली म्हणून संख्या इतकी झपाट्याने कोसळत नाही. 1970च्या दशकात वीण करणाऱ्या 2,000 ते 2,800 जोड्या असाव्यात असा अंदाज होता. 2000 साली हजारही नाहीत असं कळलं. 2009-10 पर्यंत 120 ते 200 जोड्या. 2002 ते 2009 या काळात दरवर्षी साधारण 26 टक्के घट! 2008 मध्ये तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला. तेव्हा ज्यांनी आकड्यांचा नीट हिशेब मांडला त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. मोठे पक्षी वर्षावर्षाला बऱ्यापैकी परत येत होते, पिल्लंही थोडीफार मोठी होऊन उडत होती, पण नवीन पक्षी विणीला येतच नव्हते. मधल्या मधे ते कुठे जात होते?

उत्तर पिल्लांच्या पहिल्या दोन वर्षांत होतं. जन्मल्या वर्षी दक्षिणेला गेलेलं पिल्लू पुढच्या उन्हाळ्यात सहसा उत्तरेला परत जात नाही. ते तिथेच थांबतं आणि दोन वर्षांचं झाल्यावर विणीला येतं. म्हणजे मोठे पक्षी वर्षातले काही महिने ज्या धोक्यात असतात त्यात पिल्लं सलग राहतात. तो धोका होता जाळी. म्यानमारमधलं मोत्तमाचं आखात हे स्पूनींचं सर्वांत मोठं हिवाळी घर, जगातले निम्म्याच्या आसपास तिथे असतात. किनाऱ्यावरची गरीब माणसं रात्री जाळी लावून पाणपक्षी धरत. चार नाण्यांएवढ्या पक्ष्यासाठी कुणी जाळं लावत नव्हतं. गॉडविट, कर्ल्यू अशा मांस असलेल्या पक्ष्यांसाठी लावलेल्या जाळ्यात हा आपसूक अडकायचा.

इथे मला दोष देण्याची घाई करणारे लोक आवडत नाहीत. मुंबईत बसून म्यानमारच्या कोळ्याला शहाणपण शिकवणं सोपं आहे. तिथे काम केलेल्या मंडळींनी ती चूक केली नाही. 2010च्या सुमारास शिकाऱ्यांशी बोलून, होड्या, मासेमारीची जाळी किंवा छोटा धंदा असं दुसरं काहीतरी हाताशी देऊन त्यांनी शिकार बरीच खाली आणली. बांगलादेशात कॉक्स बझारजवळच्या सोनादिया बेटावरही असंच झालं. मोत्तमाला 2017 मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा हा मान मिळाला. चीनने 2018 मध्ये किनाऱ्यावरच्या व्यापारी भरावांना लगाम घातला आणि 2019 मध्ये जिआंगसूच्या पट्ट्या जागतिक वारसा यादीत आल्या. तिआओझिनीला तर मत्स्यतळ्यांचा एक तुकडा, सुमारे 48 हेक्टर, मोकळा करून भरतीच्या वेळी पक्ष्यांना बसायला राखून ठेवला.

रशियात विणीच्या जागीही हातभार लावला गेला. मेयनीपिल्गिनो नावाच्या किनारी गावात 2012 पासून काही घरट्यांतली अंडी उचलून उबवणी यंत्रात फोडतात, पिल्लांना कोल्ह्या-कुत्र्यांपासून आणि स्कुआ या शिकारी समुद्रपक्ष्यांपासून वाचवत जाळीच्या पिंजऱ्यात वाढवतात आणि उडता येऊ लागली की पायात फिकट पोपटी रंगाचा फ्लॅग, म्हणजे ओळखीची छोटी पट्टी, अडकवून सोडतात. त्या फ्लॅगवरची अक्षरं मग कुणी चीनमध्ये वाचतं, कुणी थायलंडमध्ये. इंग्लंडमध्ये स्लिमब्रिजला सुरक्षेखातर एक बंदिस्त कळपही तयार केला गेला. 2011 मध्ये पक्षी नेले, आणि पिल्लं मोठी होऊन जगली ती 2019 मध्ये. किती? दोन! टुंड्रावरचा उजेड दिव्यांनी तयार करूनही. हा पक्षी पिंजऱ्यात वाढवून वाचवता येईल असं कुणाला वाटत असेल तर या दोनाचा आकडा पुरेसा आहे.

आज प्रौढ स्पूनी साधारण 500 असावेत. घट मंदावली आहे, थांबलेली नाही.

आता तुमचा 'महाराष्ट्रातली पहिली नोंद' हा मुद्दा. आपल्या राज्याच्या यादीत हा पक्षी नाही. भारतातल्या नोंदी मोजक्या, पूर्व किनाऱ्याच्या, त्यातही बंगालच्या बाजूच्या. सोनादिया तिथून फार लांब नाही, म्हणून ते समजण्यासारखं आहे. आपल्या खाड्यांवर येणारे टिलवे आणि डनलिन मुख्यतः मध्य आशियाच्या वाटेने उतरतात, स्पूनीची वाट पूर्व आशियाची. भरकटलेला एखादा कधी येणारच नाही असं मी म्हणणार नाही, पक्ष्यांना नकाशा कोण दाखवणार? पण दावा करायचा तर समोरून घेतलेला फोटो हवा, खातानाचा व्हिडिओ हवा आणि आजूबाजूचे टिलवे त्याच चौकटीत हवेत.

शेवटच्या प्रश्नात तुम्ही विचारलंय की इथे बसून आपण काय करू शकतो. स्पूनीसाठी थेट काही नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण ज्या कारणाने तो संपत आला ते कारण आपल्याकडे रोज घडतंय. भरतीच्या वेळी चिखल पाण्याखाली गेला की पक्ष्यांना बसायला कोरडी, मोकळी जागा लागते: मिठागराचा बांध, उथळ पाणथळ, पडीक आगर. लोक खाडी वाचवायची म्हणतात आणि हा बसायचा तुकडा विसरतात. उरणच्या बाजूला मी सतरा वर्षं मोजत होतो ती एक जागा एका प्रकल्पाच्या भरावात गेली. समोरची चिखलपट्टी जशीच्या तशी आहे, कागदावर खाडीला काही झालेलं नाही. पण उधाणाच्या वेळी पक्षी तासन् तास हवेत घिरट्या घालतात आणि दिवसभर खाल्लेलं त्यात जाळतात. पुढच्या काही हिवाळ्यांत तिथली संख्या माझ्या वहीत निम्म्याखाली आली.

म्हणून तुमच्या फोटोबद्दल माझी खरी तक्रार चोचीची नाहीच. नोंदीत तुम्ही एका पक्ष्याबद्दल अर्धं पान लिहिलंय आणि मागे धूसर दिसणाऱ्या थव्याबद्दल एक ओळही नाही. ते 40 होते की 400? कुणाच्या पायात फ्लॅग होता का? आणि पाणी चढल्यावर ते उडून कुठल्या बाजूला गेले? पौर्णिमेला उधाण आहे. भरती पूर्ण व्हायच्या तासभर आधी जा, कॅमेरा पिशवीत ठेवा, आणि ते कुठे जाऊन बसतात तेवढं बघून मला कळवा.